फँब्रोचे दोन वाटे

वेंडेल स्पायव्हीचा पोटापाण्याचा धंदा लोकांचं खोटं पकडण्याचा होता. विमा कंपनीत तो तपासनीस. गारपीट झाली की अर्धा जिल्हा कंपनीला कळवायचा, आमच्या छपराची चाळण झाली म्हणून. मग वेंडेल शिडी लावून वर चढायचा आणि भोकं गारांची आहेत की घरमालकाच्या हातोडीची, हे नुसतं बोट फिरवून सांगायचा. शिवाय बाप्टिस्ट चर्चच्या पंचमंडळींत त्याचं नाव होतं. रविवारी दानाचं तबक घेऊन तो बाकांमधून फिरायला लागला की चिल्लर टाकायच्या बेताने आलेला माणूससुद्धा त्याच्या चेहऱ्याकडे बघून निमूट नोट काढायचा. असा हा माणूस एका शनिवारी मोकासिन तलावाकाठच्या आमिषांच्या दुकानात, मागच्या खोलीत, छातीला नळ्या आणि बोटांना तारा बांधून बसला होता. ही हकिकत तिकडे अजून चवीने सांगतात. फक्त सांगताना आवाज आपोआप खाली येतो, आणि धुकं असेल तर सांगतच नाहीत.

सगळ्याचं मूळ त्याची होडी. लाल रंगाची, चमकी मारलेली, बास मासे धरायची खास होडी. ज्या वर्षी आर्डिथला, म्हणजे त्याच्या बायकोला, नवं स्वयंपाकघर मिळायचं होतं, त्या वर्षी अंगणात ही होडी येऊन उभी राहिली. आर्डिथने भांडण केलं नाही. ती रोज संध्याकाळी मोडक्या ड्रॉवरशी झटापट करायची आणि खिडकीतून होडीकडे बघायची. यापेक्षा भांडण परवडतं.

होडी आली, पण मासे आले नाहीत. क्लबची मोठी स्पर्धा दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर व्हायची, आणि वेंडेल दर वर्षी रिकाम्या पिशवीने वजनकाट्यासमोरून मान खाली घालून निघून जायचा. आर्डिथचा भाऊ रॉइस टिडमोर मात्र बहुतेक वेळा ढाल घेऊन जायचा. रविवारी जेवायला बसलं की तळलेल्या माशांचं ताट तो मुद्दाम वेंडेलपुढे धरायचा. "घे वेंडेल. निदान ताटात तरी पकड."

त्या वर्षी आर्डिथने निकाल लावला. "या खेपेला काट्यावर तुझा एक मासा जरी धरला गेला, तरी मी होडीबद्दल चकार शब्द काढणार नाही. नाही धरला, तर सोमवारी सकाळी रॉइस ट्रक घेऊन येईल. त्याच्याशी बोलणं झालंय. होडी त्याला, आणि तिच्या पैशांत मला ओटा."

"एक मासा म्हणजे कसाही?"

"नोंदलेला. तुझ्या तोंडचा नव्हे."

आता मासा धरणं म्हणजे काय मोठंसं, असं ज्याला वाटतं त्याने तो हंगाम पाहिलेला नाही. उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही. वरून धरणाच्या दाराची दुरुस्ती निघाली म्हणून वीज कंपनीने होतं तेही पाणी सोडून दिलं. लोकांचे खाजगी धक्के चिखलावर लटकत राहिले. धरणापूर्वीची झाडं, जी इतकी वर्षं पाण्याखाली उभी होती, ती काळी बोटं वर काढून दिसायला लागली. धरणात बुडालेल्या जुन्या शायलो गावाचा रस्ता वर आला, काही अंतर कोरडा चालला आणि पुन्हा पाण्यात उतरला. त्यातच स्पर्धेच्या आधी थंडीची लाट आली. अशा दिवसांत बास मासा तोंड शिवून बसतो, त्याच्या नाकासमोर काय वाटेल ते नाचवा.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. न्हावी म्हणाला, कोंबडीचं काळीज लाव. ते दुसऱ्याच माशासाठी असतं हे वेंडेलने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, माशाला कुठे माहीत आहे? औषधांच्या दुकानदाराने जांभळी रबरी गांडुळं सुचवली. पास्टरने उपास सुचवला, म्हणजे वेंडेलने करायचा. समोरच्या नीली बाईंनी कुंपणावरून नुसतं विचारलं, "शायलोच्या बाजूला जाणार नाहीस ना?"

"का हो?"

"तिथलं पाणी उतरलं की खालची माणसं वर बघतात, असं माझी आई म्हणायची." आणि त्या फुलझाडांना पाणी घालू लागल्या.

वेंडेल हसला. विमा तपासनीस असल्या गोष्टींना हसतो. धरण बांधताना शायलोच्या कबरी उकरून टेकडीवर नेल्या होत्या, दगडांसकट, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आर्डिथचे आजोबा एल्झी टिडमोर तिथेच होते. दर मे महिन्यात कबरी सजवायच्या रविवारी सगळे टिडमोर टेकडीवर जमायचे, गवत काढायचे, चादरी पसरून जेवायचे. रॉइस तर त्या कबरस्तानाच्या समितीचा अध्यक्षच होता.

स्पर्धेत प्रत्येक होडीत दोघं बसतात, आणि कोणी कोणाबरोबर बसायचं ते आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून ठरतं. एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावं म्हणून ही सोय. देवावर विश्वास ठेवावा, मासे धरणाऱ्यावर ठेवू नये, हे क्लबचं धोरण. वेंडेलच्या वाट्याला शेजारच्या जिल्ह्यातले कोणी डॉक्टर पर्सेल आले. दाताचे डॉक्टर. त्यांना वेंडेलने कधी पाहिलं नव्हतं.

स्पर्धेच्या सकाळी तलाव जाग्यावर नव्हता. म्हणजे असणार, पण धुक्याने गिळलेला. धक्क्याच्या टोकाला उभं राहिलं तर स्वतःचे बूट दिसत नव्हते. क्लबचा प्रमुख बर्ल हँब्रिक, निवृत्त पोस्टमास्तर, कर्ण्यातून दर थोड्या वेळाने ओरडत होता, "कोणीही निघायचं नाही! नियम सात!" कोणीही निघत नव्हतंच. होड्या बांधल्या जागी कण्हत होत्या.

वेंडेलने होडी पाण्यात सोडली, ट्रक वर लावून आला, तर मागच्या खुर्चीवर माणूस येऊन बसलेला. खांद्यावरून पट्टे घेतलेली जुनी शेतकरी विजार, डोळ्यांवर ओढलेली टोपी, हातात बांबूची साधी काठी. गुडघ्यापर्यंत ओला. पाणी ठिबकत होतं.

"डॉक्टर ना?" वेंडेल म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे धुक्यात समजलं नाही. मग तो हसला, आणि वेंडेलला दिसलं की त्याच्या तोंडात एकही दात नाही. दाताचा डॉक्टर आणि स्वतःचं तोंड बोळकं! वेंडेलला ते जरा अपशकुनी वाटलं, पण पहिल्याच भेटीत माणसाला काय बोलायचं? त्याचा मेव्हणा रॉइस हिशेबाचा सल्लागार होता आणि स्वतः दोनदा दिवाळखोर झालेला.

बर्लने अखेर कर्णा वाजवला. होड्या एकेक करून पांढऱ्यात शिरल्या. इंजिनांचे आवाज काही वेळ इकडून तिकडून येत राहिले, मग थांबले. इतके एकदम थांबले, की वेंडेलला आपण बहिरे झालो की काय असं वाटलं.

"अंगात तरंगायचं जाकीट घाला हो डॉक्टर. नियम आहे."

"माझं बुडायचं झालंय," म्हातारा म्हणाला. "डाव्या अंगाला घे. हळू. हितं पूल हाय."

वेंडेलने पडद्याकडे पाहिलं. होडीवर एक यंत्र असतं, पाण्याखालचं सगळं पडद्यावर दाखवतं. खरंच पूल होता. कठडा मोडलेला, बाकी शाबूत. त्याच्यापुढे रस्ता, मग दगडी पायऱ्या, वर काहीच नसलेल्या.

"तुम्ही आधी आला होतात का इथे?"

"हितलाच की मी. आता सरळ. कुंपण लागंल, त्याच्या फाटकातनं आत."

होडी पाण्याखालच्या फाटकातून आत शिरली. वेंडेलने का कोण जाणे, टोपी काढली. थंडी वाढली होती. मागून शीळ ऐकू येत होती, पण दात नसल्यामुळे नुसती हवाच फुसफुसत होती. सूर कुठलासा जुन्या भजनाचा असावा. वेंडेलने वळून पाहिलं. म्हाताऱ्याची काठी पाण्यावर धरलेली होती, दोराही होता, पण दोऱ्याला गळ नव्हता.

"गळ राहिला तुमचा, डॉक्टर."

"मला मासं न्हाई पाहिजेत. टाक तुझं. हितं."

वेंडेलने टाकलं. आमिष तळाला पोचायच्या आत काठी वाकली. मोठा, हिरव्या पाठीचा, बर्फासारखा गार बास वर आला. त्याने झटापटसुद्धा केली नाही, जणू त्याला कोणीतरी जा म्हणून सांगितलं होतं. वेंडेलच्या डोळ्यांत पाणी आलं. किती वर्षांनी! त्याने मासा टाकीतल्या पाण्यात सोडला आणि मागे वळून म्हणाला, "डॉक्टर, तुमचे उपकार..."

"उपकार नगं. ऐकून घे. ह्या जाग्याला एक माणूस पुरलाय. बाजूला फँब्रो होता. वळखतोस फँब्रोला?"

"टेकडीवर दगड आहे त्यांचा."

"दगड हाय. डुकरं चोरायचा माझी. कानाला माझी खूण असायची, हा त्यावर आपली खाच मारायचा. जल्मभर शेजारी, आन मेल्यावर बी शेजारी. बरं, ते बी सोसलं." म्हाताऱ्याने थुंकल्यासारखं केलं, पाण्यावर काही पडलं नाही. "मग आली धरणाची कंपनी. उकरणाऱ्यांना पेटीमागं पैसं. फँब्रोला उकरला, ती भुसभुशीत माती. माझ्या हितं लागला खडक, आन सांज झालेली. मग त्यांनी काय केलं ठावं हाय?"

वेंडेलच्या हातातली काठी पुन्हा वाकली होती, पण त्याचं लक्ष एका शब्दावर अडकलं होतं. "तुमच्या इथं?"

"फँब्रोचं दोन वाटं केलं! वरचा त्याच्या दगडाखाली, खालचा माझ्या. आन माझी नात दर साली कागदाची गुलाबं करती, मेणात बुडवून, आन वाहती कुणाला? फँब्रोच्या तंगड्यांना!"

"तुमचं नाव काय म्हणालात?" वेंडेलने विचारलं.

"एल्झी टिडमोर. वढ की रं, मासा सुटंल!"

या ठिकाणी एखाद्याने पाण्यात उडी टाकली असती. वेंडेलचीही मानेवरची लव ताठ उभी राहिली, दातांवर दात वाजू लागले, आणि या सगळ्यात त्याने मासा ओढला. भीती आणि बास एकाच वेळी आले तर मासे धरणारा आधी बास ओढतो. नंतर त्याने स्वतःला त्याबद्दल पुष्कळ बोल लावले, पण मासा मोठा होता.

त्यानंतर जे झालं ते त्याला नीट आठवत नाही. धुकं होतं, मागे म्हातारा एकसारखा फँब्रोची कुलकथा सांगत होता, आणि वेंडेल मासे वर घेत होता. क्लबच्या नियमात बसतील तेवढे पाचही झाले. तेव्हा एल्झी म्हणाला, "आता माझं काम कर. आर्डिथला सांग, मी हितं हाय. रॉइसला नगं सांगू, त्यो समितीत हाय. त्यो ठराव मांडल."

"पण माझ्यावर विश्वास कोण ठेवेल?"

"खरं-खोटं वळखायचा धंदा कुणाचा, तुझा का माझा? वचन दे."

वेंडेलने वचन दिलं. दिल्यावर वळून पाहिलं तर मागची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर पाण्याचं तळं साचलं होतं आणि जुन्या चिखलाचा वास येत होता.

धक्क्यावर परतल्यावर पहिली गाठ पडली ती एका संतापलेल्या गृहस्थाशी. दात पांढरेशुभ्र, एकही किडलेला नाही. "मी पर्सेल!" ते ओरडले. "धुक्यात रस्ता चुकलो म्हणून पोचायला जरासा उशीर झाला, तर तुम्ही मला टाकून गेलात? दिवसभर मी त्या दुकानात बसून शिळे शेंगदाणे खातोय!"

वेंडेल त्यांच्या दातांकडे बघत राहिला. मग खाली बसला.

पण खरा गोंधळ वजनकाट्याशी झाला. सगळा क्लब हात हलवत परतला होता. रॉइससुद्धा. शेपूटभर मासा कोणाला लागला नव्हता. तेवढ्यात वेंडेल स्पायव्हीने टाकीतून एकामागून एक पाच बास काढून काट्यावर ठेवले. कोणी टाळी वाजवली नाही. रॉइस पुढे आला आणि माशांची पोटं चाचपू लागला.

"काय शोधतोस?" वेंडेल म्हणाला.

"वजनाला भरलेलं शिसं. आणि हे एवढे गार कसे? कुठल्या शीतपेटीतून आणलेस?"

"रॉइस, मासे जिवंत आहेत," बर्लने त्याला दटावलं. मग त्याने वेंडेलला खांद्याला धरून बाजूला नेलं. बर्लचा वेंडेलवर लोभ होता. त्याच्या छपराचा दावा वेंडेलने मंजूर केला होता, आणि तो खराच होता. "हे बघ, साथीदार वेळेवर आला नाही तर एकट्याने जायला हरकत नाही. नियम अकरा. तेव्हा डॉक्टरांची ओरड सोड. जिंकणाऱ्याला खोटं पकडायच्या यंत्रापुढे बसावं लागतं, तेवढं उरक. यंत्रावाला किट्रेल एकच मुद्द्याचं विचारील, होडीत एकटा होतास का. हो म्हण, ढाल घे, घरी जा."

"आणि एकटा नसलो तर?"

"चिठ्ठीत नाव नसलेला माणूस होडीत? मग सगळं बाद. एकही मासा धरला जाणार नाही. पण तू एकटाच होतास ना?"

दुकानाच्या मागच्या खोलीकडे चालताना वेंडेलने हा दावा सर्व बाजूंनी तपासला. मृत माणूस कायद्याने माणूस धरायचा का? कंपनीच्या लेखी नाही. मृत्यूच्या क्षणी पॉलिसी संपते. म्हणजे होडीत मनुष्यप्राणी एकच. म्हणजे मी एकटा. यात खोटं कुठे आहे? एखाद्या घरमालकाने हीच भाषा त्याच्यासमोर केली असती तर वेंडेलने शिडी उतरून सरळ गाडी गाठली असती, पण स्वतःचं छप्पर पाहताना माणसाची नजर जरा मऊ होते. नंतर आर्डिथला हळूच सांगू, वचनही पाळलं जाईल, होडीही राहील.

आणि आर्डिथ दारातच उभी होती. निकाल ऐकायला आली होती. तिची बोटं कागदाच्या रंगाने लाल झाली होती. तिने गुलाबांना सुरुवात केली होती. टिडमोरांचा गोतावळा मोठा, हिवाळाभर कागद कापावा तेव्हा कुठे मे महिन्यापर्यंत फुलं पुरी होतात. "पाच?" ती म्हणाली. "खरंच पाच, वेंडेल?" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या होडीच्या संदर्भात हसली.

वेंडेलला त्या लाल बोटांकडे बघवेना. फँब्रोच्या तंगड्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात.

मागच्या खोलीत आमिषाच्या छोट्या माशांच्या टाक्या होत्या. पंप बुडबुडत होते, दिवा मिणमिणत होता. किट्रेल म्हणजे शेरीफच्या कचेरीतून निवृत्त झालेला जाडजूड माणूस. त्याने वेंडेलला तारा जोडल्या. बर्ल, रॉइस, आर्डिथ आणि डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले.

"यंत्र जुळवायला आधी साधे प्रश्न," किट्रेल म्हणाला. "हो किंवा नाही एवढंच बोलायचं. तुझं नाव वेंडेल स्पायव्ही?"

"हो."

"बायकोशी कधी खोटं बोललास?"

"नाही."

यंत्राची सुई कागदाबाहेर गेली.

"तो कागद मला नंतर द्या," आर्डिथ म्हणाली.

"आज होडीत तू एकटा होतास?"

बर्लने मान हलवून हो, हो असं सुचवलं. रॉइस खिशातल्या किल्ल्या वाजवत होता. वेंडेलने श्वास घेतला. एका शब्दाचं काम होतं.

"नाही," तो म्हणाला.

सुई सरळ रेघ काढत राहिली. बर्लच्या तोंडून लहानसा हुंदका निघाला. रॉइस म्हणाला, "झालं! बाद! होडी माझी."

"कोण होतं पण?" किट्रेलने विचारलं, मग स्वतःच म्हणाला, "छे, हो-नाहीतच विचारायला पाहिजे. मला माहीत असलेला इसम?"

"नाही."

"या जिल्ह्यात राहतो?"

वेंडेल घुटमळला. "हो," तो म्हणाला. सुई स्थिर.

"जिवंत आहे?" हे किट्रेलने गमतीत विचारलं असावं.

"नाही."

सुई हलली नाही. किट्रेलने यंत्रावर टिचकी मारली, तारा तपासल्या, पुन्हा तेच विचारलं. पुन्हा तीच सरळ रेघ. आणि टाकीतले ते बोटाएवढे मासे, जे इतका वेळ सैरावैरा पळत होते, ते सगळे तलावाकडच्या काचेशी येऊन तोंडं एका दिशेला करून थांबले. पंप बुडबुडत राहिले. रॉइसच्या किल्ल्यांचा आवाज बंद झाला.

"आता मी बोलतो," वेंडेल म्हणाला. "कोणी मध्ये बोलू नका. यंत्र चालू राहू दे. आर्डिथ, तुझे आजोबा टेकडीवर नाहीत." आणि त्याने सगळं सांगितलं. पूल, फाटक, खडक, पेटीमागे पैसे, फँब्रोचे दोन वाटे. एवढ्या वेळात सुईने एकदाही मान वर केली नाही.

पहिला बोलला तो बर्ल. नियमांचा माणूस, भूत आलं तरी त्याला आधी परवाना विचारणार. "मासे धरायचा परवाना होता का त्यांच्याकडे?"

"वारले तेव्हा एकाहत्तरचे होते," आर्डिथ यंत्रवत म्हणाली.

"मग लागत नाही. पासष्टच्या पुढे माफ. पण चिठ्ठीत नाव नाही, ते नाहीच." बर्लने सुस्कारा टाकला. "बाद, वेंडेल. वाईट वाटतं."

"हा सगळा बनाव आहे!" रॉइस म्हणाला, पण जरा हळू. "समितीकडे कबरींचा नकाशा आहे. यंत्र बिघडलंय. वेंडेलला स्वप्न पडलं असेल."

आर्डिथने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती किट्रेलजवळ गेली. "एक माझ्याकडून विचारा. त्यांच्या तोंडात दात होते का?"

"एकही नव्हता," वेंडेल म्हणाला. "म्हणून तर मला डॉक्टरांचं..."

डॉक्टर पर्सेल दुखावल्यासारखे खाकरले.

आर्डिथ माशांच्या टाकीला धरून खाली बसली. "घाईत त्यांची कवळी पेटीत घालायची राहून गेली. लोक हसतील म्हणून आईने कोणाला सांगितलं नाही. रॉइसलासुद्धा नाही. मरताना माझ्या हातात दिली. ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, त्या मोडक्या. वेंडेल, मी कधी कोणाला दाखवली नाही रे, तुलासुद्धा नाही." आणि ती रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलीसारखी. "इतकी वर्षं, एकटे, थंड पाण्यात, आणि बोलायला फँब्रोसुद्धा नाही!"

सोमवारी सकाळी रॉइस ठरल्याप्रमाणे ट्रक घेऊन आला. धुकं पुन्हा उतरलं होतं. आर्डिथ अंगणात उभी होती, हातात गुलाबांची टोपली आणि रुमालात बांधलेलं काहीतरी. आदल्या दिवशी चर्च झाल्यापासून ती ओट्याशी बसून मेण वितळवत होती.

"आधी मला तिथे ने," ती वेंडेलला म्हणाली. "मग न्यायची त्याने न्यावी." रॉइसकडे वळून ती म्हणाली, "तूही बस. मागच्या खुर्चीवर."

"ती ओली आहे," रॉइस म्हणाला.

खुर्ची शनिवारपासून वाळलीच नव्हती. शेवटी तो उभाच राहिला.

पूल आला, पायऱ्या आल्या. फाटकातून आत शिरताना वेंडेलने इंजिन बंद केलं. आर्डिथने रुमाल सोडला, कवळी ओठांना लावली आणि पाण्यात सोडली. मग एकेक गुलाब. मेणात बुडवलेला कागद भिजत नाही आणि बुडतही नाही, म्हणून तर ती फुलं पावसात टिकतात. लाल फुलं होडीभोवती तरंगत राहिली.

"आजोबा," ती म्हणाली, "चूक झाली आमची. रागावू नका."

मग पहिलं फूल खाली गेलं. कोणीतरी देठाला धरून हळूच ओढावं तसं. मग दुसरं. मग बाकीची, घाई न करता, एकामागून एक.

"बास असतील," रॉइस म्हणाला.

"असतील," वेंडेल म्हणाला.

परत फिरल्यावर मागून धुक्यातून शीळ ऐकू आली. स्वच्छ, सुरात, कडव्याच्या शेवटपर्यंत. रॉइसने टोपी काढून छातीशी धरली आणि लहान मुलासारखा आर्डिथला चिकटून उभा राहिला.

धक्क्याला लागल्यावर त्यानेच होडीची दोरी बांधली आणि किल्ली वेंडेलच्या हातात परत ठेवली. "मला नको," एवढंच म्हणाला. आर्डिथ म्हणाली, "तू मागितली असतीस तरी मी देणार नव्हते. आपला माणूस तिथे आहे. मे महिन्यात धरण भरलेलं असेल, मग काय पोहत जायचं?" स्वयंपाकघराचा विषय तिने त्यानंतर काढला नाही. वेंडेलने तो ड्रॉवर मात्र स्वतः दुरुस्त केला, अगदी वाईट केला.

टेकडीवरचा एल्झीचा दगड तसाच आहे. फँब्रोला एकत्र आणायचा ठराव रॉइसने मांडला, तो समितीपुढे अजून आहे. तोवर आर्डिथ त्या दगडापाशीही एक गुलाब ठेवते. डुकरं हातांनी चोरली, तंगड्यांची काय चूक, असं तिचं म्हणणं.

त्याच दिवशी धक्क्यावर उतरताना वेंडेलने मागे फाटकाच्या दिशेला बघत सहज म्हणून काठीकडे हात नेला होता. आर्डिथने त्याच्याकडे पाहिलं. "तिथे नाही, वेंडेल. त्या फाटकाच्या आत कधीच नाही." त्याने हात मागे घेतला. सबंध मोकासिन तलावात बास कुठे आहेत हे नक्की माहीत असलेला तो एकटाच माणूस आहे. दर वर्षी स्पर्धेच्या सकाळी तो त्या फाटकाशी इंजिन हळू करतो, टोपी काढतो, आणि पुढे निघून जातो. दर वर्षी तो रिकाम्या पिशवीने परत येतो, आणि रविवारी जेवताना रॉइस माशांचं ताट गुपचूप त्याच्यापुढे सरकवतो.